बर्फ कारखान्यातला अमोनिया आणि कॅल्शियम क्लोराइड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससून डॉक असो, हर्णै असो, मिरकरवाडा असो की गोव्यातलं मालिम, मासळी उतरते तिथे बर्फाचा कारखाना असतोच. त्या कारखान्यात दोन रसायनं रात्रंदिवस एकमेकांना खेटून असतात. कॉइलच्या पाइपात अमोनिया, आणि पाइपाबाहेर टाकीभर ब्राइन, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी. मधे काही मिलिमीटर जाडीचं पोलाद, बस्स. अमोनियाला सगळे घाबरतात, ब्राइनकडे फारसं कुणी पाहत नाही. पण कॉइल फुटून होणाऱ्या गळतीचं मूळ बहुतेक वेळा ब्राइनच्या हयगयीत सापडतं, म्हणून दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. मालक, ऑपरेटर आणि बर्फाची लादी काढणारे कामगार, तिघांनीही वाचावेत.

दोघांचं काम नेमकं काय? एकाच्या जागी दुसरं चालेल का?

नाही चालणार. थंडी तयार करतो अमोनिया, ती लादीपर्यंत पोचवतं ब्राइन.

अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. उकळताना त्याला उष्णता लागते आणि ती तो भोवतालच्या ब्राइनमधून ओढून घेतो. कारखान्याच्या चालू तापमानाला १ किलो द्रव अमोनियाची वाफ होताना सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, कंडेन्सरमध्ये तिचा परत द्रव होतो, आणि चक्र चालू राहतं. ब्राइन मात्र उकळत नाही, गोठतही नाही. उणे १० अंशांनाही ते वाहतं राहतं आणि त्यात बुडवलेल्या, लादी गोठवायच्या डब्यांतल्या पाण्याची उष्णता कॉइलपर्यंत आणून सोडतं. साधं पाणी वापरलं तर कॉइलभोवती टाकीच गोठून बसेल.

क्लोराइड म्हणजे क्लोरीनच ना? ब्राइनमधून विषारी वायू सुटतो का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. जेवणातलं मीठसुद्धा क्लोराइडच आहे, सोडियम क्लोराइड. क्लोराइडमधला क्लोरीन धातूशी घट्ट बांधलेला असतो आणि पाण्यात विरघळून तो वायू होत नाही. ब्राइनच्या टाकीवर कधी झोंबणारा वास आला तर तो क्लोरीनचा नसतो, कॉइलमधून झिरपणाऱ्या अमोनियाचा असतो. तो वास आला की काय करायचं ते पुढे सविस्तर दिलं आहे.

दोघांत जास्त धोकादायक कोण?

माणसाच्या जिवाला अमोनिया. त्यात वादच नाही.

हवेच्या दहा लाख भागांत किती भाग अमोनिया आहे, ते पीपीएममध्ये मोजतात. ५ पीपीएमच्या आसपास बहुतेकांना वास कळतो. आठ तासांच्या पाळीला सरासरी २५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांपुरते ३५ पीपीएम, या सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या मर्यादा आहेत. ३०० पीपीएमला जीव तातडीने धोक्यात आला असं धरतात आणि श्वसनसंचाशिवाय तिथे थांबू नये. ५,००० च्या पुढे काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेटतोही. तेवढा साचण्याच्या कितीतरी आधी तिथला माणूस गतप्राण झालेला असतो, पण बंद यंत्रघरात कुणी नसताना गॅस कोंडला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून यंत्रघराला खालून-वरून वारा खेळता हवा, आणि पंख्याचा स्विच दाराबाहेर हवा.

कॅल्शियम क्लोराइड हवेत उडत नाही, पेटत नाही, श्वासातून माणूस मारत नाही. शुद्ध स्वरूपात ते चीज आणि टोफू करताना खाद्यपदार्थातही वापरतात. त्याचा त्रास वेगळाच आहे. कोरडे तुकडे ओल्या हातावर पडले की विरघळताना गरम होतात आणि कातडी भाजते. जखमेवर ब्राइन गेलं की आग होते, आणि रोज हात बुडाले तर कातडी सुकून फाटते. चामड्याचे बूट आवळून कडक होतात, म्हणून रबरी गमबूटच वापरा. आणि ते लोखंड खातं. हळूहळू, गाजावाजा न करता, वर्षानुवर्षं. अमोनिया निदान वासाने ओरडून सांगतो. ब्राइन काहीच सांगत नाही, त्याला आपणच जाऊन विचारावं लागतं, हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) आणि लिटमस कागद हातात घेऊन.

अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, मग गळतीचं पांढरं धुकं जमिनीलगत का पसरतं?

वायू म्हणून तो हलकाच आहे, हवेच्या साधारण ०.६ पट. पण द्रव अमोनिया फुटून बाहेर येतो तेव्हा अतिथंड थेंबांचा फवारा येतो, आणि हवेतली वाफही त्यात गोठते. कोकणच्या दमट हवेत तर जास्तच. हे जड, गार धुकं आधी जमिनीवरून सरकतं, खड्ड्यात, गटारात, टाकीच्या तळघरात साचतं, आणि गरम झाल्यावरच वर उठतं. १ लिटर द्रवापासून साडेआठशे लिटरांहून जास्त वायू होतो, हे लक्षात ठेवा. तेव्हा "हलका आहे, खाली वाका" हा सल्ला वायूच्या बारीक गळतीला ठीक, पण द्रवाच्या गळतीत घातक ठरतो. तिथे वाऱ्याच्या आडव्या दिशेने, उंचवट्याकडे निघायचं.

बारीक गळती कुठून होते ते कसं शोधायचं?

ओल्या लाल लिटमसने. कागद पाण्यात भिजवून ग्लँड (व्हॉल्व्हच्या दांड्याचं सील), फ्लँज (पाइपांचा बोल्टचा जोड), वेल्डच्या कडेने फिरवा, अमोनिया असेल तिथे तो निळा होतो. लिटमस संपला असेल तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला साधा कागद ओला करून धरा, तो लालसर तपकिरी होतो. जुन्या ऑपरेटरांची गंधकाची कांडीही चांगली: पेटवलेल्या कांडीचा धूर अमोनियाला भेटला की दाट पांढरा होतो. पण ती पेटती असते. वास सहन होण्याइतका कमी असेल, तेव्हाच वापरा. डोळ्यांत पाणी येत असेल तर कांडी नको.

मोठी गळती झाली. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

आधी माणसं बाहेर. वारा कुठून येतो ते छपरावरच्या कापडी नळीवरून पाहा (ती नसेल तर आजच लावा, खर्च नगण्य आहे) आणि वाऱ्याला आडवं जाऊन मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जमा. हजेरी घ्या. बाहेर पडताना नाका-तोंडावर ओलं फडकं धरलं तर उपयोग होतो, कारण अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो: नेहमीच्या तापमानाला १ लिटर पाणी सुमारे ७०० लिटर वायू पिऊन टाकतं. पण ते फडकं बाहेर पडण्यापुरतं. तेच बांधून परत आत जाणारी माणसं दगावतात.

दाराबाहेरच्या बटणाने कॉम्प्रेसर बंद करा. पुढचं काम रिसीव्हरचा, म्हणजे द्रव अमोनिया साठवणाऱ्या टाकीचा, मुख्य द्रव व्हॉल्व्ह बंद करण्याचं. तो दुरून बंद होत नसेल, तर फक्त पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच घातलेल्या, सराव असलेल्या दोघांनी मिळून जायचं आणि तिसऱ्याने बाहेर संच घालून तयार राहायचं. हिरव्या पट्ट्याचा डबा लावलेला साधा मास्क ग्लँड घट्ट करण्याएवढ्या किरकोळ गळतीसाठी असतो. धुक्यात तो पुरत नाही.

पाणी मारायचं, पण कुठे ते नीट समजून घ्या. धुक्याच्या पुढच्या कडेवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, फवाऱ्याने. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर कधीही पाणी मारू नका. पाणी त्याला उष्णता देतं, वर विरघळतानाही उष्णता निघते, आणि शांत पडलेलं डबकं भसाभस उकळू लागतं. त्याभोवती वाळूची पाळ घाला आणि शक्य असेल तर वर ताडपत्री टाका. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करताना "अमोनिया", अंदाजे किती किलो, आणि वारा कुठल्या वस्तीकडे, या तीन गोष्टी आधी सांगा.

डोळ्यांत किंवा अंगावर गेला तर?

लगेच स्वच्छ पाणी, किमान पंधरा मिनिटं, डोळ्यांच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून. शक्य तर अर्धा तास. डोळे चोळू नका, लिंबू-व्हिनेगर काही घालू नका. अमोनिया अल्कली आहे, तो पेशी विरघळवत आत जात राहतो, म्हणून धुण्याला पर्याय नाही. अंगावर द्रव सांडून कपडे कातडीला गोठून चिकटले असतील तर ओढून काढू नका, आधी भरपूर पाण्याने सैल होऊ द्या. श्वास लागलेल्या माणसाला बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, फुफ्फुसात पाणी साचायला काही तास लागू शकतात. ब्राइन डोळ्यांत गेलं तरी उपाय हाच, पाणी.

कॅल्शियम क्लोराइड अमोनिया शोषून घेतं असं वाचलं आहे. मग गळतीवर त्याच्या पिशव्या ओताव्यात का?

वाचलेलं खरं आहे, उपाय म्हणून मात्र निरुपयोगी. कोरड्या कॅल्शियम क्लोराइडचा एक रेणू अमोनियाचे आठपर्यंत रेणू धरून ठेवतो. वजनाने पाहिलं तर १ किलो क्षार जवळजवळ १.२ किलो अमोनिया. पण त्यासाठी क्षार पूर्ण कोरडा लागतो, वेळ लागतो, आणि शोषताना भरपूर उष्णता बाहेर पडते. द्रव अमोनियावर तो ओतलात तर उष्णतेने वाफ आणखी वाढेल. पाण्याचा फवारा काही क्षणांत जे करतो, ते या पिशव्या तासाभरात करणार नाहीत.

याच गुणामुळे प्रयोगशाळेत अमोनिया कोरडा करायला कॅल्शियम क्लोराइड वापरत नाहीत, कळीचा चुना वापरतात. मायकेल फॅरेडेने १८२३ मध्ये अमोनियाचा द्रव केला तो याच युक्तीने, फक्त त्याने सिल्व्हर क्लोराइड घेतलं होतं: ते अमोनियाने भरलं, वाकड्या काचनळीत बंद केलं, एक टोक तापवलं, दुसरं गार ठेवलं. आणि दोघांचं नातं शाळेतल्या प्रयोगातही दिसतं. नवसागर आणि विरलेला चुना तापवला की १०७ ग्रॅम नवसागर आणि ७४ ग्रॅम चुन्यातून ३४ ग्रॅम अमोनिया निघतो, आणि मागे १११ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड व ३६ ग्रॅम पाणी उरतं. एकाच अभिक्रियेतून दोघंही निघतात. सोड्याच्या कारखान्यांत सॉल्व्हे पद्धतीत अमोनिया परत मिळवताना हीच अभिक्रिया मोठ्या प्रमाणावर होते.

ब्राइन किती घट्ट ठेवायचं? किती किलो घालायचं?

नियम असा: ब्राइनचा गोठणबिंदू अमोनियाच्या कॉइलमधल्या तापमानापेक्षा किमान ५ ते ६ अंशांनी खाली हवा. टाकीच्या तापमानापेक्षा नव्हे, कॉइलच्या. टाकी उणे १० ला असली तरी कॉइलमधला अमोनिया उणे १५ ते १८ ला उकळत असतो, आणि कॉइलला चिकटलेला ब्राइनचा थर जवळपास तेवढाच गार होतो. म्हणजे गोठणबिंदू उणे २३ च्या आसपास हवा.

वजनाने २० टक्के कॅल्शियम क्लोराइडचं ब्राइन साधारण उणे १८ ला गोठू लागतं, त्याची घनता १.१८. २५ टक्क्यांचं उणे २९ च्या आसपास, घनता १.२३. बहुतेक लादी कारखान्यांना २२ टक्के, घनता १.२० ते १.२१, पुरतं. बोमे मापाच्या हायड्रोमीटरवर हे २४ ते २५ अंश येतं. हे आकडे १५ अंश तापमानाचे आहेत. उणे १० च्या ब्राइनमध्ये हायड्रोमीटर सोडला तर वाचन सुमारे ०.०१ ने जास्त दिसतं, म्हणजे गार ब्राइन १.२१ दाखवत असेल तर ते खरं १.२० आहे. नमुना बादलीत काढून १५ अंशांजवळ येऊ द्या, फेस बसू द्या, मग वाचा.

नवं ब्राइन करताना १ घनमीटरला शुद्ध क्षार २६४ किलो लागतो. बाजारातल्या पापुद्र्यांत ७७ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड असतं, बाकी पाणी. म्हणून पापुद्रे ३४३ किलो आणि पाणी ८५७ लिटर. पिशवीवरची टक्केवारी वाचून हिशेब करा, कारण ढेपांची आणि पापुद्र्यांची शुद्धता वेगळी असते. नेहमी पाण्यात क्षार टाका, क्षारावर पाणी ओतू नका. या प्रमाणात पाणी २५ ते ३० अंशांनी तापतं, म्हणजे मे महिन्यात पिंप साठ अंशांजवळ जाईल. प्लॅस्टिकचं पातळ पिंप वाकतं. लोखंडी पिंप घ्या, ढवळत राहा, चष्मा आणि मोजे घाला, आणि पूर्ण निवल्यावरच टाकीत सोडा.

चालू टाकीचं उदाहरण: २० घनमीटर ब्राइनची घनता १.२० वरून १.१७ वर आली, म्हणजे प्रमाण २२ वरून १९ टक्क्यांच्या आसपास घसरलं. भरून काढायला पापुद्रे अंदाजे १,१०० किलो लागतील. ते एका दिवसात ओतू नका. वेगळ्या पिंपात टाकीतलंच ब्राइन घेऊन त्यात थोडं थोडं विरघळवा, निवू द्या, रोज मोजत आठवडाभरात घनता वर आणा.

मग जास्तच घट्ट ठेवलं तर भीतीच नको ना?

हाही एक सापळा. ३० टक्क्यांच्या आसपास गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे ५० च्याही खाली जातो. त्यापुढे तो झपाट्याने वर येतो. ३९ टक्के झालं तर १० अंशांनाच क्षाराचे खडे पडू लागतात. शिवाय घट्ट ब्राइन दाट होतं, उष्णता कमी वाहून नेतं, ॲजिटेटरची (ब्राइन ढवळणाऱ्या पंख्याची) मोटर जास्त करंट खाते. गरजेपेक्षा घट्ट ब्राइन म्हणजे विजेचं बिल.

मीठ स्वस्त आहे. कॅल्शियम क्लोराइडऐवजी मीठच का नको?

चालतं, आणि कित्येक कारखाने त्यावर चालतातही. पण मिठाच्या पाण्याचा तळ उणे २१ अंशांना लागतो, २३ टक्क्यांवर. त्याखाली ते कसंही केलं तरी जात नाही. कॉइल उणे १५ च्या वरच ठेवणार असाल तर मीठ पुरेल. लादी लवकर काढायची म्हणून कॉइल उणे १८-२० ला नेत असाल तर अंतर उरतच नाही.

दोन्ही मिसळू नका, हे मात्र नक्की. मिठाच्या ब्राइनमध्ये कॅल्शियम क्लोराइड टाकलं की विरघळलेलं मीठ खाली बसू लागतं. मिठागरातल्या खड्याच्या मिठात सल्फेटही असतं, ते कॅल्शियमशी मिळून जिप्सम होतं. तो पांढरा गाळ कॉइलवर आणि तळाशी घट्ट बसतो. बदल करायचाच असेल तर टाकी रिकामी करून, धुऊन करा.

ब्राइन आणखी गार केलं तर लादी किती लवकर होईल?

ढोबळ हिशेब: लादीची वरच्या बाजूची अरुंद जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, आणि ब्राइन शून्याखाली जितके अंश आहे त्याने भागा. उत्तर तासांत. २८ सेंटिमीटर जाडीच्या लादीला ब्राइन उणे १० असेल तर ४७ तास, उणे ८ ला ५९ तास, उणे १२ ला ३९ तास. जाडीचा वर्ग येतो, म्हणून पातळ लादी फार लवकर होते. उणे १२ च्या खाली गेलात तर लादी तडकायला लागते आणि डब्यातून काढताना तुकडे पडतात, शिवाय कॉम्प्रेसर तेवढ्याच बर्फाला जास्त वीज खातो.

गेजवर काय दिसलं की काय समजायचं?

अमोनियाचा दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले आहेत. उणे १५ ला सक्शन गेज (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या वाफेचा दाब) २० पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला २० पौंडांच्या, आसपास. कंडेन्सर ३० अंशांना असेल तर हेड, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा दाब, १५५, आणि ४० अंशांना २१०. मे महिन्यात हेड १८० ते २१० दिसलं तर घाबरू नका. थंडीच्या दिवसांत तेवढं दिसलं तर कंडेन्सरवर शेवाळ-क्षार चढले आहेत किंवा आत हवा शिरली आहे.

सक्शन घसरतंय आणि ब्राइन मात्र गार होत नाही, अशा वेळी अनेक जण पहिलं काम गॅस भरण्याचं करतात. आधी हायड्रोमीटर सोडा. ब्राइन पातळ झालं असेल तर कॉइलवर बर्फाचं कवच चढलेलं असतं, आणि बर्फ उष्णता अडवतो. घनता ठीक असेल तर कॉइलमध्ये तेल साचलंय का पाहा. अमोनियात तेल खाली बसतं, म्हणून ते तळाच्या व्हॉल्व्हने काढतात. हे काम चालू असताना जागा सोडून चहाला जायचं नाही, आणि तिथे हात सोडताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवाच. दोन्ही कारणं नसतील तरच गॅस कमी आहे असं म्हणा, आणि मग तो गेला कुठे हेही शोधा.

हवा काढताना नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे वर आले तर हवा निघते आहे. तडतड आवाज येऊन बुडबुडे पाण्यातच जिरले तर अमोनिया निघतो आहे, व्हॉल्व्ह बंद करा. बादलीतलं पाणी उलटं नळीत ओढलं जाणार नाही याकडे लक्ष असू द्या.

ब्राइनमुळे कॉइल आणि डबे गंजू नयेत म्हणून काय करायचं?

सामू, म्हणजे पीएच, ७ ते ८.५ मध्ये ठेवा. ७ च्या खाली गेला तर लोखंड खाल्लं जातं, ८.५ च्या वर गेला तर डब्यांवरचा जस्ताचा मुलामा. आठवड्यातून एकदा तपासा आणि वहीत तारखेसह लिहा, घनतेच्या शेजारी. सामू खाली आला असेल तर विरलेल्या चुन्याची पातळ निवळी थोडी थोडी सोडा.

गंजरोधक म्हणून सोडियम डायक्रोमेट फार वर्षांपासून वापरात आहे, कॅल्शियम क्लोराइडच्या ब्राइनला घनमीटरमागे साधारण २ किलो, मिठाच्या ब्राइनला सुमारे ३.२ किलो. ब्राइन त्याने पिवळं होतं. पण ते कर्करोगकारक आहे, हाताला जखमा करतं, आणि बर्फाशी संबंध येणाऱ्या जागी त्याचं असणं आम्हाला पटत नाही. क्रोमेटविरहित गंजरोधक मिळतात. नवं ब्राइन करणार असाल तर पुरवठादाराकडून तेच मागा.

हवाही कमी मिसळू द्या. ॲजिटेटर ब्राइनची पातळी खाली गेल्यामुळे फेस काढत असेल तर तो ऑक्सिजन ढवळून आत घालतो आहे. पाण्याच्या रेषेवरची कॉइल नेहमी आधी सडते, तिथेच हातोडीने ठोकून आवाज ऐकू नका, जाडी मापकाने मोजून घ्या.

अमोनिया ब्राइनमध्ये झिरपतोय हे कसं ओळखायचं? मग पुढे?

डोळ्यांना दिसत नाही. अमोनिया पाण्यात विरघळून जातो, त्यामुळे बुडबुडे येत नाहीत. खुणा अशा: सामू कारण नसताना ८.५ च्या वर जातो, डब्यांवरचा मुलामा पांढरा पडून सुटतो, गॅस वरचेवर भरावा लागतो.

खात्री करायची तर शंभर मिलिलिटर ब्राइन काचेच्या भांड्यात घ्या, त्यात कॉस्टिक सोड्याचे दोन-तीन दाणे टाका आणि कोमट करा. पांढरा साका येईल, तो कॅल्शियमचा आहे, त्याची चिंता नको. भांड्याच्या तोंडावर, ब्राइनला न टेकवता, ओला लाल लिटमस धरा. निळा झाला की गळती पक्की. नाक थेट वर नेऊ नका, हाताने वारा घालून वास घ्या.

मग एकेका कॉइलचा द्रवपुरवठा बंद करून ती रिकामी ओढा. इथे मोठी चूक होते: गेज शून्याखाली, निर्वातात नेतात. तसं केलं की भोकातून ब्राइन उलटं कॉइलमध्ये शिरतं, आणि क्षार-पाणी थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातं. गेज शून्याच्या किंचित वर असतानाच थांबा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून त्यांवर फलक टांगा. नेमकी जागा शोधायला कोरडा नायट्रोजन भरा, कॉइलच्या मंजूर दाबाच्या आतच. नायट्रोजन पाण्यात जिरत नाही, म्हणून त्याचे बुडबुडे दिसतात. ऑक्सिजन कधीही नाही, आत तेल असतं आणि स्फोट होतो. अमोनिया काढून, धुऊन, खात्री केल्याशिवाय वेल्डिंगची ज्योत जवळ आणू नका.

लादी खारट-कडवट लागते, किंवा मधोमध गोठतच नाही. का?

डब्याला भोक आहे. ब्राइन आत येतं आणि मधल्या भागात साठतं, म्हणून तिथलं पाणी गोठत नाही. जिभेने तपासू नका, ब्राइनमध्ये गंजरोधक असतं. लादीचा मधला तुकडा वितळवून टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) मोजा आणि भरलेल्या पाण्याशी ताडून पाहा. चांगल्या लादीचं पाणी मूळ पाण्याहून शुद्ध असतं. जास्त आलं की डबा बाजूला काढा, लादी फेकून द्या. मासळीसाठीही देऊ नका. डबा ब्राइनच्या पातळीपेक्षा जास्त खाली बुडत असेल आणि काठावरून ब्राइन आत येत असेल, तर भोक नसतानाही हेच होतं, म्हणून डब्यातल्या पाण्याची पातळी आणि टाकीची पातळी दोन्ही पाहा.

महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा लागतो, इंडिगो कारमाइन किंवा ब्रिलियंट ब्लू, १० पीपीएमपर्यंत. निळा रंग घातला म्हणून ब्राइन उतरलेली लादी चालते, असा अर्थ काढू नका.

पितळी व्हॉल्व्ह, तांब्याची नळी चालेल का?

अमोनियाच्या बाजूला अजिबात नाही. तो तांबं, पितळ, जस्त खातो. पोलाद आणि ओतीव लोखंडच. घाईत बसवलेला पितळी गेज कॉक काही महिन्यांत भेगाळतो.

कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या कशा ठेवायच्या?

लाकडी फळ्यांवर, प्लॅस्टिकचं अस्तर बांधून. हवेतला ओलावा ओढून ते पावसाळ्यात स्वतःच पाणी होतं. आणि ब्लीचिंग पावडरपासून वेगळ्या खोलीत, मोठ्या अक्षरांत नाव लिहून. दोन्ही पांढरी, दोन्ही ओलावा धरणारी, आणि बर्फाच्या पाण्यासाठी ब्लीचिंग पावडर कारखान्यात असतेच. चुकून ती ब्राइनमध्ये गेली तर कॉइल झपाट्याने गंजतात, आणि अमोनियाशी तिची गाठ पडली तर विषारी क्लोरामाइन वायू होतात. गळतीनंतर फरशी धुताना कुणी "जंतुनाशक" म्हणून ती शिंपडत नाही ना, तेही पाहा.

जुनं ब्राइन नाल्यात सोडलं तर?

सोडू नका. समुद्र शेजारी आहे म्हणूनही नाही. घट्ट खाऱ्या पाण्याने माती खारावते, झाडं वाळतात, काँक्रीट झिजतं. त्यात क्रोमेट असेल तर विहिरीचं पाणी नासतं. घनता घसरली म्हणून ब्राइन फेकायची गरज नसते, गाळ बसू देऊन वरचं निवळ घट्ट करून पुन्हा वापरता येतं. तळाचा गाळ आणि क्रोमेटचं ब्राइन बंद पिंपात भरून, पिंपावर आत काय आहे ते लिहून, घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या प्रक्रिया केंद्राकडेच पाठवा, आणि पावती जपून ठेवा.